बुधीने न दिलेला हुंकार

मी बोलायला फटकळ आहे हे मसोलीपासून बोर्डीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा आधीच कबूल करते: संगीताच्या गोष्टीला मी पहिल्या दिवशी नावं ठेवली होती, आणि तीही तिला ऐकू जातील अशा आवाजात.

आमची चिकूची वाडी आहे. वाडीच्या टोकाला पत्र्याची शेड, तिथे बायका चिकू धुतात, लहान-मोठे वेगळे करतात, क्रेट भरतात. मालक म्हणून नाव माझ्या नवऱ्याचं, रामनाथरावांचं. शेडमध्ये मात्र राज्य माझं. सायवनकडच्या एका पाड्यावरच्या बायका आठवडाभर वाडीतल्या खोल्यांत राहतात आणि सुट्टीला घरी जातात. त्यांत बायजी सगळ्यांत म्हातारी. तोंडात दात तीन, पण बोलणं तीस जणींचं. आणि बुधी. बुधी चाळिशीची, कमी बोलते, आणि चिकू नुसता हातात घेऊन सांगते की हा उद्या पिकेल की परवा.

गेल्या जुलैत बुधीची मुलगी देवली गेली. तलासरी तालुक्यात एका वसतिगृहात राहून अकरावी करत होती. रात्री झोपायच्या वेळी मण्यार चावली. या सापाचा चावा जाणवतही नाही, नुसतं पोट दुखतं; सकाळी कुणाच्या लक्षात येऊन दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बुधी तीन महिने कामावर आली नाही. दिवाळीनंतर आली तेव्हा तिच्यासोबत ही संगीता होती. त्याच पाड्यावरची, देवलीच्याच वर्गातली, तिच्याच खोलीतली. शाळा सोडून घरी बसली होती.

"पोशी सुकत चालली व्हती, बाय," बुधी मला म्हणाली. "तिच्या आयसला म्हटलं, माझ्यासंगती पाठव."

पोशी म्हणजे त्यांच्या बोलीत मुलगी, आयस म्हणजे आई. जिची स्वतःची मुलगी गेली, तिनेच दुसरीची मुलगी हाताला धरून आणली. मला काही बोलता आलं नाही, आणि असं माझं वर्षातून एखादवेळी होतं.

संगीता काम चोख करायची, पण बोलायची नाही. विचारलं तर हो किंवा नाही. जेवणाच्या सुट्टीत काच तडकलेला मोबाइल घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. जानेवारीत एका दुपारी लाइट गेली आणि बायजीची रेडिओवरची गाणी बंद पडली. बायजीला शांतता सोसत नाही.

"ए पोशी, दिसभर त्यात डोळं घालून बसतेस. हाय काय त्यात?"

"गोष्ट हाय. चित्रांची. जपानची."

"मग एकटी काय खातेस? आमाला वाढ."

आता आमच्या या पट्ट्यात गोष्ट सांगायची एक रीत आहे. समोर हूं म्हणणारं कुणीतरी लागतं. एकच माणूस, ठरलेलं. दर वाक्याला त्याने हूं द्यायचं, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की गोष्ट पोचली. हूं आलं नाही तर गोष्ट तिथेच थांबते. तशीच पुढे रेटायची नसते. बायजीला हूं द्यायला बसवलं असतं तर ती स्वतःच गोष्ट सांगायला लागली असती. सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या, तेव्हा बुधी म्हणाली, "मी देते."

अशी ती गोष्ट सुरू झाली, हे मला नंतर बायजीने सांगितलं. नाओ नावाची सोळा वर्षांची मुलगी. तिची धाकटी बहीण नदीत वाहून गेलेली, कारण नाओने तिचा हात सोडला होता. हे नाओशिवाय कुणालाच माहीत नाही, आईलासुद्धा नाही. आणि तात्सु नावाचा मुलगा, आई सोडून गेलेली, बाप मारकुटा, हातभर भाजल्याचे डाग. दोघं एका बंद कारखान्यात भेटतात. तात्सुचा तिच्यावर इतका जीव की तो तिला तिथे कोंडूनच ठेवतो.

नेमकी त्या कोंडण्याच्या वेळी मी शेडमध्ये शिरले. "ही कसली भिकार गोष्ट?" मी म्हणाले. "त्या कार्ट्याच्या दोन थोबाडीत द्यायच्या सोडून तुम्ही माना कसल्या डोलावताय?"

संगीता गप्प झाली. ती दोन दिवस गप्पच. तिसऱ्या दिवशी बुधी नळापाशी मला आडवी आली. "बाय, तुमी रागवा, तुमचं कामच हाय. पण तिला बोलू द्या. सहा महिन्यांत पयल्यांदा मी तिचा आवाज आयकला."

मला माझीच लाज वाटली. त्या दुपारी मी स्वतः जाऊन संगीताला म्हणाले, "त्या कार्ट्याचं पुढे काय झालं ते तरी सांग, नाहीतर मला झोप लागायची नाही." ती किंचित हसली. मी क्रेट मोजायचं सोंग करत खुर्ची ओढून बसले आणि पुढचे पाच आठवडे तिथेच बसले.

काय एकेक ऐकणाऱ्या होत्या! बायजीला प्रेमाशी देणंघेणं नव्हतं, तिला चौकशी करायची होती. "त्या पोराची आयस गेली, मग मावशी कुठं हाय? आत्या? शेजारी कोण राहतं?" संगीता म्हणायची, तसं काही चित्रात नाही. "येवढं मोठं गाव, मोठमोठ्या बिल्डिंगी, नि एका पोराला हाक मारणारं कोणी नाय?" बायजीला जपानचा रागच आला होता.

क्रेट भरणाऱ्या दोन तरण्या सुनांना तात्सु आवडायचा. कोंडतो म्हणजे किती जीव लावतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर बायजीने हातातला चिकू खाली ठेवला.

"संगती राहायचं तर राहा की. मी नाय राहिले? माझं लगीन लागलं तवा थोरला पोरगा बारा वर्सांचा व्हता, माझ्या हळदीला नाचला तो. लगीन मागून व्हतं. पण म्हाताऱ्यानं कधी दाराला भायेरून कडी नाय घातली. कडी आतून असते. भायेरून घालतात ती कोंबड्यांना."

हे सगळं मी रात्री जेवताना घरी सांगायची. माझी सून विनिता घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते, तिला ही जपानी चित्रपुस्तकं माहीत होती. तिने ते शोधून काढलं. "आई, हे मुलांसाठी नाही. पहिल्याच पानावर इशारा दिलाय." मग जगभरच्या लोकांनी त्याखाली काय काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. कुणी लिहिलं होतं, तात्सु फक्त माझा. मी म्हणाले, "घेऊन जा म्हणावं घरी. आठ दिवसांत परत आणून घालशील." कुणी लिहिलं होतं की हे असलं प्रेम दाखवणं म्हणजे विष पेरणं. कुणी लिहिलं होतं की माझ्या घरी असंच होतं आणि हे वाचून पहिल्यांदा मला एकटं वाटलं नाही. ते ऐकल्यावर मी आणखी चेष्टा केली नाही.

पण माझ्या मनात एक वेगळीच धास्ती बसली होती. गोष्ट जशी शेवटाकडे चालली, तशी संगीता खायची कमी झाली. नाओ कशी स्वतःला दोष देते, कशी जगायला नको म्हणते, हे सांगताना तिचा आवाज गोष्ट सांगणारीचा राहायचा नाही. सतरा वर्षांची पोर, मैत्रीण गमावलेली, आणि डोक्यात दिवसरात्र हे पुस्तक. याचा शेवट वाईट असला तर? ही पोर त्या शेवटामागून गेली तर? एका संध्याकाळी मी विनितापाशी जाऊन बसले. "शेवट दाखव."

शेवटी नाओ एकटी धरणाच्या भिंतीवर जाते. चपला काढून ठेवते. तिथे खूप वेळ उभी राहते, मग खाली बसते, मग चपला घालून घरी येते. आईच्या खोलीचं दार वाजवते आणि म्हणते, मी हात सोडला होता. आई काय म्हणते ते दाखवलेलंच नाही. शेवटच्या चित्रात नुसतं दार आहे, अर्धं उघडलेलं.

"वाचते ना?" मी म्हणाले. "मग झालं."

विनिता म्हणाली, वाचकांना हा शेवट मुळीच आवडला नाही. शेकडो लोकांनी शिव्या घातल्यात. दोघांनी एकत्र मरायला हवं होतं, म्हणजे खरं प्रेम वाटलं असतं, असं त्यांचं म्हणणं. माझं डोकंच फिरलं. "यांच्या घरातलं कोणी गेलंय का कधी?" मी ओरडले, इतक्या जोरात की रामनाथराव बाहेरच्या झोपाळ्यावरून उठून आत आले. पण त्या रात्री मला शांत झोप लागली. नाओ वाचणार होती.

शुक्रवारी गोष्ट संपायची होती. सगळ्यांनी सकाळपासून हात भराभर चालवले, दुपारी ऐकायला मोकळ्या राहाव्यात म्हणून. संगीता खाली पाण्याच्या टपापाशी बसली, समोर बुधी. मोबाइल तिने हातात घेतलासुद्धा नाही.

"नाओ धरणावर गेली," ती म्हणाली.

"हूं."

"कोण नव्हतं तिथं."

"हूं."

"तिनं चपला काढल्या."

"हूं."

"ती म्हणाली, बहीण माझ्यामुळं गेली. मी जगायचं कशाला? आणि ती भिंतीच्या कडेला गेली. आणि तिनं..."

मी खुर्चीवर ताठ झाले. पुस्तकात हे नव्हतं. पुस्तकात ती खाली बसते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ही पोर गोष्ट बदलत होती. नाओला वाचवणारं पुस्तक बाजूला सारून ती तिला ढकलत होती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हूं आलेलंच नाही.

बुधी चिकू पुसत होती. एक पुसून झाला, दुसरा घेतला. संगीता थांबली होती.

"मावशी, हूं?"

बुधीने तो चिकू क्रेटमध्ये ठेवला.

"मावशी, हूं दे ना."

"नाय देत."

"गोष्ट तशीच हाय."

"असंल," बुधी म्हणाली. "मी नाय देत. मी दिलं नाय तर ती पडत नाय. तिथंच उभी राहू दे तिला."

संगीताने बायजीकडे पाहिलं. बायजीने ओठ घट्ट मिटले. दोघी सुनांनी माना खाली घातल्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं, मी शेठाणी, माझं हूं चाललं असतं. खोटं सांगतेस, पुस्तकात असं नाही, हे माझ्या जिभेवर होतं. मी नुसती मान हलवली. नाही.

"पण चूक तिचीच व्हती!" संगीता किंचाळली. एवढा मोठा आवाज तिच्यात आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. "तिचीच! तिनं हात सोडला!"

"पोर व्हती ती," बुधी म्हणाली. "सोळा वर्सांची पोर. तिला काय कळत व्हतं?"

"कळत व्हतं! ती पोटात दुखतं म्हणाली मला. दोनदा म्हणाली. नि मी म्हटलं..."

नाओच्या बहिणीच्या पोटात कधी दुखलं नव्हतं. ती नदीत गेली होती. हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं, आणि बुधीच्या हातातला फडका थांबला. मला वाटलं आता ती ओरडेल. ती संगीताकडे बघत राहिली आणि मग, इतक्या हळू की मला ओठ हललेलेच दिसले, म्हणाली, "हूं."

संगीताने सांगितलं. एकेक वाक्य, आणि दर वाक्याला बुधीचं हूं.

"मोबाइल माझा व्हता. हॉस्टेलात चोरून ठेवलेला."

"हूं."

"गोधडीत घुसून आमी दोघी वाचायचो. देवलीला लई आवडायचं."

"हूं."

"ती म्हणाली पोटात दुखतं. मॅडमना उठवलं असतं तर मोबाइल दिसला असता. शाळेतून दोघींचं नाव काढलं असतं. मी म्हटलं, सकाळी सांगू."

"हूं."

"पाणी दिलं तिला. म्हटलं, पुढचं पान आयक. ती आयकता आयकता झोपली. मला वाटलं, झोपली."

या वाक्याला हूं आलं नाही. बुधी उठली, फडका टपाच्या काठावर ठेवला आणि झाडांमध्ये निघून गेली.

तिच्यामागे जायला कुणी धजावलं नाही. मी खुर्ची सोडून खाली ओल्या जमिनीवर बसले आणि संगीताचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता. त्या पोरीची मला फार माया आली. सात महिने ती हे पोटात घेऊन फिरत होती, आणि फिरत होती तीही त्याच आईच्या शेजारी, तिच्याच भाकरीतली भाकर खात. रात्रीच उठवलं असतं तर देवली वाचली असती का? मला माहीत नाही. डॉक्टरही नक्की सांगणार नाही. नाही वाचली असती असं म्हणून तिची समजूत काढावी, असं मनात आलं. पण खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

"आता मावशी मला ठेवणार नाय," ती म्हणाली.

"गप्प बस," मी म्हणाले.

अर्ध्या तासाने बुधी आली. तोंड धुतलेलं होतं, पदर भिजला होता. ती होती त्याच जागी, संगीतासमोर बसली. बायजी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. मी मनात म्हणत होते, शिव्या दे, मार, पण हिला टाकू नकोस.

"राग हाय मला," बुधी म्हणाली. "नाय कसं म्हणू? लई राग हाय. जाईल का नाय, मला नाय ठाऊक."

संगीताने मान खाली घातली.

"पण एक सांग. झोपली तवा गोष्टीत काय चाललं व्हतं?"

संगीताला प्रश्न कळला नाही. मलाही नाही.

"तू वाचत व्हतीस ना तिला? काय वाचत व्हतीस?"

"नाओ नि तात्सु कारखान्यात भात शिजवतात," संगीता कशीबशी म्हणाली. "दोघांना येत नाय शिजवता. भात करपतो."

"हे तू आमाला सांगितलंच नाय."

"ते मी सोडलं. मला ते वाचवत नाय."

बुधी पुढे सरकली. "आयकून देवली काय म्हणाली?"

"हसली."

"हसली? पोटात दुखत असून?"

"लई हसली, मावशी. मी तिच्या तोंडावर हात ठेवला, मॅडम उठतील म्हणून. तरी हसत व्हती."

बुधीने दोन्ही हात टपाच्या काठावर टेकले. "दवाखान्यात मला बोलले, लई तरास झाला असंल तिला. सात महिने मी तेच बघते. भाकर थापताना, चिकू पुसताना, तेच. हसली हे मला कोणी सांगितलं नाय. कशाला हसली येवढी? भात करपला म्हणून?"

संगीता टपातल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "ती म्हणाली, असा भात तर माझी आयसपण करते. बोलत बसते नि करपवते."

"मला नावं ठेवली?"

"हो."

"त्या रातीला? माझं नाव काढलं तिनं?"

"हो, मावशी. आयसची आठवण आली म्हणाली. सुट्टीत गेल्यावर तो करपलेला भात खायचाय म्हणाली."

बुधीच्या तोंडून एक आवाज निघाला. ते हसू होतं की रडू, आम्हाला कुणालाच सांगता आलं नसतं. बहुतेक दोन्ही होतं. तिने संगीताच्या केसांत ओले हात घातले, जरा जोरातच, आणि तिचं डोकं ओढून मांडीवर घेतलं.

"परत सांग," ती म्हणाली. "भात करपला तिथून सांग. नि देवली जसं बोलली ना, तस्संच बोल."